गुठळी नेमकी कुठे? प्लीहेच्या शिरेचे आजार आणि त्यांची शस्त्रक्रिया

रक्ताची उलटी झाली, दुर्बिणीच्या तपासणीत जठरातल्या शिरा फुगलेल्या दिसल्या, की घरात पहिला शब्द निघतो तो ‘लिव्हर’. पेशंट दारू घेणारा असेल तर विचारायलाच नको, गावभर निदान होऊन जातं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं, कारण अशा शिरा फुगण्याचं सगळ्यात मोठं कारण सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन आक्रसणं, हेच आहे. पण काही रुग्णांचं यकृत अगदी चांगलं असतं. यकृताच्या रक्ततपासण्या, म्हणजे बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, जागच्या जागी, सोनोग्राफीत लिव्हर गुळगुळीत, पोटात पाणी नाही. तरी जठराच्या वरच्या टोकाला शिरांचा पुंजका आणि त्यातून रक्तस्राव. इथे दोष यकृताचा नसतो. प्लीहेतून रक्त बाहेर नेणारी शीर बंद झालेली असते.

या शिरेच्या आजारात अडथळा कुठे आहे यावर पुढचं सगळं ठरतं. एका जागी असेल तर प्लीहा काढल्याने माणूस बरा होतो. बोटभर पुढे असेल तर नुसती प्लीहा काढणं म्हणजे पुढच्या उपचाराची वाटच बंद करणं. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी नातेवाइकांना निदान एवढं तरी नीट कळायला हवं.

शीर कुठून कुठे जाते

प्लीहा, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची पानथरी, डाव्या बाजूला शेवटच्या बरगड्यांच्या आत असते. वजन साधारण 150 ग्रॅम, लांबी 11-12 सेंटीमीटर. तिच्या आतल्या कडेला पाच-सहा बारीक शिरा एकत्र येतात आणि प्लीहेची मुख्य शीर तयार होते. ही शीर स्वादुपिंडाला मागून अगदी चिकटून उजवीकडे जाते. प्लीहेची धमनी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने वळणं घेत येते, शीर मात्र बरीच सरळ असते. स्वादुपिंडाच्या मानेमागे तिला आतड्यांकडून येणारी मोठी शीर मिळते आणि दोघींची मिळून पोर्टल शीर होते. ती यकृतात शिरते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या पोर्टल शिरेतून येतं.

प्लीहेच्या शिरेला वाटेत आणखी पाहुण्या शिरा मिळतात. जठराच्या वरच्या गोल भागातून, म्हणजे फंडसमधून, चार-सहा आखूड शिरा प्लीहेकडे येतात. जठराच्या डाव्या कडेने येणारी एक शीरही प्लीहेपाशीच येऊन मिळते. नेहमी या शिरांतलं रक्त जठराकडून प्लीहेकडे वाहतं.

मुख्य शीर बंद झाली की हे उलटं होतं. सुपारीच्या बागेतला पाट पाल्याने तुंबला तर पाणी थांबत नाही, ते मेरेवरून, आळ्यांतून, मिळेल तिथून वाट काढतं; तसं प्लीहेतलं रक्त त्या आखूड शिरांतून उलटं जठराकडे चढतं, तिथून जठराच्या दुसऱ्या शिरेने पोर्टल शिरेला मिळतं. एरवी त्या शिरांमधून थोडंच रक्त जात असतं. आता प्लीहेचं सगळं रक्त तिथून जायला लागतं, शिरा फुगतात, भिंती पातळ होतात. जठराच्या आतल्या अस्तराखाली असलेली एखादी शीर फुटली की रक्ताची उलटी.

अन्ननलिकेतल्या शिरा मात्र या आजारात बहुधा फुगत नाहीत, कारण जठराच्या वरच्या भागातून पोर्टल शिरेकडे जाणारी वाट उघडी असते. अपवाद आहे: काही माणसांत ती जठराची शीर पोर्टल शिरेला न मिळता प्लीहेच्या शिरेलाच मिळते. अडथळा त्या जोडाच्या पुढे, म्हणजे यकृताच्या बाजूला असेल तर मग अन्ननलिकेतही शिरा फुगतात. सिरॉसिसमध्ये दाब सगळीकडे वाढतो, इथे तो फक्त डाव्या बाजूला वाढतो. म्हणून डॉक्टर याला डाव्या बाजूचं पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात.

शीर बंद का पडते

सगळ्यात मोठं कारण स्वादुपिंडाची सूज, पॅन्क्रियाटायटिस. शीर त्याला चिकटूनच असल्यामुळे तिथे आग लागली की तिच्या भिंतीला झळ बसणारच. भिंत सुजते, आतलं रक्त संथ होतं, गुठळी धरते. जोडीला स्वादुपिंडाभोवती पाण्याची गाठ झाली, म्हणजे स्यूडोसिस्ट, तर ती शीर बाहेरूनही दाबते. पॅन्क्रियाटायटिस झालेल्या शंभर जणांत साधारण दहा ते पंधरा जणांत ही शीर बंद झालेली सापडते. पॅन्क्रियाटायटिसची दोन नेहमीची कारणं म्हणजे पित्ताशयातले खडे आणि दारू. दारू कधी न घेतलेल्या बाईलाही खड्यामुळे हे होऊ शकतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरं कारण स्वादुपिंडाची गाठ, कॅन्सरची किंवा साधी. पन्नाशीपुढच्या माणसात पॅन्क्रियाटायटिसचा इतिहास नसताना ही शीर बंद दिसली तर डॉक्टर आधी गाठ शोधतात, आणि तेच बरोबर आहे. तिसरं, रक्त घट्ट होण्याचे आजार: हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट प्रमाणाबाहेर वाढवणारे अस्थिमज्जेचे विकार, जन्मजात दोष. अशा वेळी जॅक-टू नावाची तपासणी सांगतात. क्वचित पोटाला मार लागल्यावर किंवा स्वादुपिंडाच्या मोठ्या ऑपरेशननंतरही शीर बंद होते.

लक्षणं आणि तपासण्या

बऱ्याच जणांना काहीच होत नाही. पॅन्क्रियाटायटिससाठी सीटी काढला आणि त्यात दिसलं, इतकंच. काहींना डाव्या कुशीत जडपणा वाटतो, थोडं जेवलं तरी पोट भरतं. प्लीहा वाढली असेल तर ती प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अडकवून ठेवते, रिपोर्टात प्लेटलेट 70-80 हजारांवर येतात आणि घरचे डेंग्यू म्हणून घाबरतात. पावसाळ्यात तर हे हमखास. फरक असा की डेंग्यूत प्लेटलेट आठवड्याभरात वर येतात, इथे त्या महिनोन्‌महिने तिथेच राहतात. जुने रिपोर्ट काढून पाहिले तर उलगडा होतो, म्हणून ते टाकू नयेत.

काळी शी हे दुसरं लक्षण. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती घट्ट आणि कोरडी दिसते. रक्ताने झालेली काळी शी डांबरासारखी चिकट असते, तिला वेगळाच उग्र वास येतो आणि पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहते. उलटीचं मात्र थोडं सांभाळून बघावं. कोकम सरबत किंवा आगळ घेतलेल्याची उलटी तांबडी दिसू शकते. पण त्यात गाठी असतील, कॉफीच्या चोथ्यासारखे काळे कण असतील, किंवा माणूस घामाघूम होऊन उभं राहता राहता चक्कर येत असेल, तर कोकमाचा विचार बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.

एंडोस्कोपीत डॉक्टर दुर्बीण जठरात नेऊन वळवतात आणि मागे वळून फंडस पाहतात. नुसती अन्ननलिका आणि जठराचा खालचा भाग पाहिला तर हा आजार निसटतो. रिपोर्टात ‘फंडल व्हेरायसेस’ (फंडसमधल्या फुगलेल्या शिरा) आहेत आणि ‘इसोफेजियल व्हेरायसेस’ (अन्ननलिकेतल्या) नाहीत, एवढ्यावरूनच जाणकार डॉक्टरच्या मनात प्लीहेच्या शिरेची शंका येते.

डॉपलर सोनोग्राफी स्वस्त आणि जवळ मिळणारी, पण प्लीहेची शीर आतड्यातल्या वायूमागे लपते. स्वादुपिंडामागचा तिचा मधला भाग पुष्कळदा दिसतच नाही. ‘दिसली नाही’ आणि ‘बंद आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्ट वाचताना हे जरूर पाहावं. पक्कं उत्तर देतो तो काँट्रास्ट (शिरा उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) देऊन काढलेला सीटी, आणि तोही योग्य वेळी काढलेला. काँट्रास्ट हाताच्या शिरेत टोचल्यावर साधारण 60-70 सेकंदांनी पोर्टल शिरा भरतात. फोटो त्याआधीच घेतला तर उघडी शीरही बंद वाटू शकते. म्हणून सीटी सांगताना डॉक्टर ‘पोर्टल फेज’ लिहितात. सीटीआधी क्रिएटिनिन पाहतात, कारण काँट्रास्ट किडनीवर ताण आणतो.

रिपोर्टमध्ये तीन ओळी शोधाव्यात. ‘स्प्लेनिक व्हेन’ पुढे काय लिहिलंय: थ्रॉम्बोसिस, अरुंद की उघडी. ‘पोर्टल व्हेन’ पुढे काय: पेटंट म्हणजे उघडी. आणि यकृताचा आकार, कडा. प्लीहेची शीर बंद, पोर्टल शीर उघडी, यकृत नॉर्मल: हे तिन्ही जुळलं की डाव्या बाजूचं हायपरटेन्शन. मुंबईला किंवा कोल्हापूरला दाखवायला जाताना छापलेला रिपोर्ट आणि फिल्म पुरत नाही, सीटीची सीडी किंवा पेनड्राइव्ह घेऊनच जावं. सर्जन स्वतः चित्रं फिरवून शिरा मोजतो. ती नसतील तर परत सीटी, परत पैसे, परत काँट्रास्ट.

रक्त पडायला लागलं तर

जठराच्या वरच्या शिरा फुटल्या की रक्त पुष्कळ जातं. माणसाला डाव्या कुशीवर झोपवावं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. तोंडाने काही देऊ नये, पाणीही नाही. 108 ला फोन करताना ‘रक्ताची उलटी’ हे शब्द स्पष्ट सांगावेत आणि उलटी किती, वाटीभर की तांब्याभर, ते बघून ठेवावं. रक्तगट माहीत असेल तर तोही.

आपल्या कोकण किनारपट्टीवर प्रश्न अंतराचा असतो. सावंतवाडी, कुडाळकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जातात. चिपळूण, गुहागरकडून कुंभार्ली घाट चढून कराड, रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर. पावसाळ्यात दरड आली की तेही बंद. त्यामुळे जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात आधी थांबून दोन जाड सलाइनच्या सुया, रक्त जुळवणं, ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन (शिरांतला दाब उतरवणारं; आधी 50 मायक्रोग्रॅम, मग तासाला 50 च्या वेगाने) आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन हे अँटिबायोटिक 1 ग्रॅम एवढं सुरू करून मगच घाट चढणं शहाणपणाचं. थेट मोठ्या गावाला पळण्याची घाई इथे अंगाशी येते.

नातेवाइकांचा एक नेहमीचा आग्रह असतो: ‘डॉक्टर, हवं तेवढं रक्त देतो, सगळं चढवा.’ डॉक्टर नाही म्हणतात, आणि मग वाद होतो. अशा रुग्णात हिमोग्लोबिन 7-8 च्या आसपास ठेवणं हेच योग्य असतं. जास्त रक्त भरलं की फुटलेल्या शिरेतला दाब वाढतो आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुटतं. रक्ताचे पाट वाहत असतील आणि बीपी पडत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा भरपूर रक्त लागतंच.

मोठ्या केंद्रात एंडोस्कोपीतून त्या शिरेत सायनोअ‍ॅक्रिलेट नावाचं चिकट औषध, ज्याला सगळे ‘ग्लू’ म्हणतात, थोडं थोडं टोचतात. रक्ताशी गाठ पडताच ते घट्ट होतं आणि शीर आतून बंद होते. अन्ननलिकेतल्या शिरांना रबरबँड बांधतात तसं फंडसच्या मोठ्या शिरांना बांधत नाहीत. बँड गळून पडल्यावर तिथे जखम उघडी राहते आणि पुन्हा मोठा रक्तस्राव होतो. त्यामुळे रेफर करताना ‘एंडोस्कोपी आहे का’ एवढं विचारून भागत नाही, ‘ग्लू आहे का’ हे फोनवर विचारावं. ग्लूमुळे क्वचित औषधाचा तुकडा रक्ताबरोबर फुफ्फुसात जाऊ शकतो, ही जोखीम संमतीपत्रात लिहिलेली असते.

ग्लूने आजचं रक्त थांबतं. मागची शीर बंदच असल्याने दाब तसाच राहतो. सिरॉसिसमध्ये वापरतात तो टिप्स, म्हणजे यकृतातून जाळीची नळी टाकण्याचा उपाय, इथे उपयोगाचा नाही. तो पोर्टल शिरेचा दाब उतरवतो आणि इथे पोर्टल शिरेत दाब नसतोच.

गुठळी आहे, रक्त पडलेलं नाही

पूर्वी प्लीहेची शीर बंद दिसली की रक्त पडायच्या आधीच प्लीहा काढून टाका, असा सल्ला दिला जायचा. आता तसं करत नाहीत, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. या रुग्णांतल्या बहुतेकांना आयुष्यभर रक्तस्राव होत नाही आणि प्लीहा नसण्याचे धोके मात्र कायमचे मागे लागतात. मूळ स्वादुपिंडावर उपचार, दारू पूर्ण बंद, खडे असतील तर पित्ताशय काढणं, ठरावीक अंतराने एंडोस्कोपी, एवढं पुरतं. पॅन्क्रियाटायटिस नव्याने झालेला असेल तर काही महिन्यांत शीर आपोआपही उघडते.

रक्त पातळ करायचं का, हा खरा अवघड प्रश्न. गुठळी फक्त प्लीहेच्या शिरेत आहे आणि कारण पॅन्क्रियाटायटिस आहे, तर औषधाचा फायदा नक्की सिद्ध झालेला नाही. ती पोर्टल किंवा आतड्याच्या शिरेकडे सरकत असेल, किंवा रक्त घट्ट होण्याचा आजार असेल, तर औषध देतात: आधी पोटावर टोचायची हेपॅरिनची इंजेक्शनं, मग गोळ्या, किमान तीन ते सहा महिने. फंडसमध्ये मोठ्या शिरा दिसत असतील तर डॉक्टर दोन्ही बाजू तोलून ठरवतात, आणि दोन चांगल्या डॉक्टरांची मतं इथे वेगळी पडू शकतात.

वॉरफॅरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, 2 ते 3 मध्ये ठेवावा लागतो. इथे एक कोकणी अडचण येते. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, अळू, शेवग्याचा पाला असा पालेभाज्यांचा सपाटा सुरू होतो. यात के जीवनसत्त्व भरपूर, आणि ते वॉरफॅरिनच्या बरोबर विरुद्ध काम करतं. उन्हाळ्यात मच्छी-भात खाऊन जुळवलेला डोस श्रावणात कमी पडतो, आयएनआर खाली येतो. भाजी सोडायची गरज नाही. रोज साधारण सारखी खावी आणि मोसम बदलला की रक्त तपासावं. अंगदुखीला दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी मात्र अजिबात नको, लागलीच तर पॅरासिटामॉल.

प्लीहा काढायची ठरली तर

रक्तस्राव झालेला आहे, शीर बंद आहे, पोर्टल शीर उघडी आहे: अशा वेळी प्लीहा काढणं हा मुळावरचा उपाय. जठराकडे उलटं चढणारं रक्तच बंद होतं, शिरा सुकतात. ज्याला ऑपरेशन झेपणार नाही त्याच्या प्लीहेच्या धमनीत जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून कॉइल बसवतात, म्हणजे येणारं रक्तच कमी होतं. त्यानंतर काही दिवस डाव्या कुशीत चांगलंच दुखतं, ताप येतो, क्वचित प्लीहेत पू होतो. मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी हेच करून घेतलं तर ऑपरेशनमध्ये रक्त कमी जातं. काही केंद्रांत बंद शीर नळीने उघडून जाळी बसवतात, पण जुनी, कडक झालेली शीर असेल तर तार पुढे सरकतच नाही.

प्लीहा गेल्यावर काही जंतूंचा धोका वाढतो, म्हणून त्यांच्या लशी (यादी शेवटी आहे) ऑपरेशनच्या किमान 14 दिवस आधी घ्यायच्या. तारीख पक्की झाली की पहिलं काम हे, दाखल होताना नाही.

ऑपरेशन पोट उघडून किंवा दुर्बिणीने होतं. दुर्बिणीने करताना रुग्णाला उजव्या कुशीवर, डावी बाजू वर करून ठेवतात. सर्जन जठराच्या खालच्या कडेचा पडदा उघडून स्वादुपिंडाच्या वरच्या कडेला पोचतो आणि सगळ्यात आधी प्लीहेची धमनी शोधून बांधतो. क्रम महत्त्वाचा. आत येणारं रक्त थांबलं की प्लीहा आक्रसते, तिच्यातलं रक्त शरीरात परत जातं, आणि फुगलेल्या शिरांतला दाब उतरतो. शिरा आधी बांधल्या तर प्लीहा फुगत जाते आणि हात लागेल तिथून रक्त येतं. मग खाली मोठ्या आतड्याकडचा, मागे किडनीकडचा आणि वर छातीखालच्या श्वासपटलाकडचा जोड सोडवतात, जठराच्या आखूड शिरा एकेक करून बंद करतात आणि शेवटी प्लीहेच्या तोंडाशी शिरा-धमन्या बांधून किंवा स्टेपलरने कापून ती पिशवीत घालून बाहेर काढतात.

पॅन्क्रियाटायटिस होऊन गेलेल्या पोटात हे वाचण्याइतकं सरळ नसतं. सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, कुठे शीर आणि कुठे दोऱ्याएवढा चिकटपणा हे हाताला कळत नाही. स्वादुपिंडाची शेपटी प्लीहेच्या तोंडापासून सेंटीमीटरभर अंतरावर, काहींत तर अगदी चिकटून असते. स्टेपलर जरा आत बसला तर तिला जखम होते आणि पाचक रस पोटात गळतो. म्हणून ड्रेनची नळी ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी त्यातल्या पाण्यात त्या रसातलं अ‍ॅमायलेज तपासतात; रक्तातल्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं तर गळती समजतात. बहुतेकदा नळी काही आठवडे ठेवून ती बंद होते. शेपटीच खराब असेल तर ती प्लीहेबरोबर काढणंच बरं. दुसरी चूक जठराच्या बाजूला होते: आखूड शिरा जठराला अगदी लागून बांधल्या तर जठराच्या भिंतीचा तुकडा मरतो आणि काही दिवसांनी भोक पडतं.

प्लीहा गेल्यावर प्लेटलेट झपाट्याने वाढतात, पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात 6-7 लाख, कधी 10 लाखांवर. आणि प्लीहेच्या शिरेचा जो बुंधा आत उरतो, त्यात रक्त साचून गुठळी धरते. ती पोर्टल शिरेत सरकली तर नवं दुखणं. घरी गेल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अस्पष्ट पोटदुखी, बारीक ताप, भूक नसणं असं झालं की ‘ऑपरेशननंतर असं व्हायचंच’ म्हणून बसू नये, डॉपलर करून घ्यावा. ऑपरेशनच्या सातव्या दिवसाच्या सुमारास तो तसाही करतात. वेळेत सापडली तर औषधाने गुठळी बहुतेकदा विरघळते.

उलटा प्रसंग: शीर चांगली, पुढची वाट बंद

आता दुसरा रुग्ण घ्या. सात-आठ वर्षांचं पोर, अचानक रक्ताची मोठी उलटी, प्लीहा बेंबीपर्यंत, यकृत नॉर्मल. आपल्याकडे अशा मुलांत पोर्टल शीरच यकृताच्या दारात बंद झालेली असते. बहुतेकांत कारण सापडत नाही, काहींत जन्मल्यावर नाळेला झालेला जंतुसंसर्ग असतो. इथे प्लीहेची शीर पुष्कळदा उघडी आणि चांगली जाड असते, आणि तीच सर्जनच्या उपयोगी पडते.

या मुलाची नुसती प्लीहा काढली तर दाब आतड्याकडून तसाच राहतो, रक्तस्राव पुन्हा होतो, आणि जोडायला हाताशी असलेली शीर मात्र गेलेली असते. म्हणून इथे शंट करतात. प्लीहेची शीर डाव्या किडनीच्या शिरेला जोडून रक्ताला यकृत टाळून जाणारी वाट द्यायची. एका प्रकारात प्लीहा काढून शिरेचं उरलेलं तोंड किडनीच्या शिरेच्या कुशीत शिवतात. दुसऱ्यात प्लीहा राहू देतात आणि शीर मध्येच कापून तिचं प्लीहेकडचं तोंड जोडतात. हा दुसरा प्रकार अमेरिकी सर्जन वॉरेन यांनी 1967 मध्ये मांडला. त्यात जठराकडून पोर्टल शिरेकडे जाणाऱ्या बाकी वाटाही बांधाव्या लागतात, नाहीतर काही काळाने रक्त तिकडूनच वळतं. शीर केसाएवढ्या दोऱ्याने, पीळ न पडू देता शिवायची असते. पीळ पडला, ताण आला किंवा शीर फार बारीक असली की जोड बंद पडतो. लहान मुलात म्हणून कधी कधी वय वाढेपर्यंत थांबतात आणि तोवर अन्ननलिकेतल्या शिरांना दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने बँड लावून वेळ काढतात. यकृताकडेच वाट काढून देणारी मेसो-रेक्स नावाची शस्त्रक्रियाही मुलांत करतात, पण त्यासाठी यकृतातली शीर उघडी असावी लागते.

बँड की शंट, या प्रश्नात घर कुठे आहे यालाही वजन आहे. रक्तपेढी आणि एंडोस्कोपी अर्ध्या तासावर असलेल्या माणसाला बँडवर राहता येतं. मंडणगड किंवा दोडामार्गाच्या आतल्या वाडीतल्या मुलाला, ज्याचा रक्तगटही दुर्मीळ आहे, एकदाच शंट करून मोकळं होणं जास्त सोयीचं. ही बाब डॉक्टरला आपणहून सांगावी, कागदावरच्या पत्त्यावरून ती कळत नाही.

प्लीहा नसलेल्या माणसाचा ताप

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि डिस्चार्जच्या घाईत सगळ्यात कमी सांगितला जाणारा. न्यूमोकोकससारखे काही जंतू रक्तातून गाळून काढण्याचं काम प्लीहा करते. ती नसली की साधा ताप म्हणून सुरू झालेला जंतुसंसर्ग एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो. असं घडण्याचं प्रमाण कमी आहे, पण घडलं तर दगावणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं. लहान मुलांत आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत धोका अधिक, पण तो आयुष्यभर संपत नाही.

जून ते ऑक्टोबर कोकणात तापाला तोटा नाही. लेप्टो, डेंग्यू, मलेरिया. शेतात चिखलात काम करणाऱ्याला ताप आला की लेप्टो समजून डॉक्सिसायक्लिन देतात, आणि एरवी ते ठीकच आहे. प्लीहा नसलेल्याला तेवढ्यावर ठेवून चालत नाही, कारण न्यूमोकोकसवर त्याचा भरवसा नाही. अशा माणसाने ताप 38 अंशांवर गेला, किंवा हुडहुडी भरली, की घरात ठेवलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट लगेच घ्यावं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन पहिलं वाक्य हे बोलावं: ‘माझी प्लीहा काढलेली आहे.’ तिथे बहुधा रक्त कल्चरला घेऊन सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन शिरेतून सुरू करतात, ते लेप्टोवरही चालतं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर घरात ठेवायचं दुसरं औषध आधीच लिहून घ्यावं. मलेरियाचा रक्तनमुना प्रत्येक तापात तपासावा, प्लीहा नसताना मलेरिया झपाट्याने चढतो. मच्छरदाणी वर्षभर. कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनबरोबर अँटिबायोटिकही पहिल्याच दिवशी, जखम लहान दिसली तरी. कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू प्लीहा नसलेल्या माणसाला विशेष घातक असतो.

लशी अशा: न्यूमोकोकसची कंजुगेट लस आधी, तिच्यानंतर आठ आठवड्यांनी 23 प्रकारांची लस, तिचा दुसरा डोस पाच वर्षांनी. मेनिंगोकोकसचे दोन डोस आठ आठवड्यांच्या अंतराने, हिब नावाच्या जंतूच्या लशीचा एक, आणि फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी. तातडीने प्लीहा काढावी लागली असेल तर 14 दिवसांनी सुरुवात करतात. डिस्चार्ज कार्डावर या लशींच्या तारखा लिहिलेल्या नसतील तर वॉर्ड सोडण्याआधी लिहून घ्याव्यात. सगळ्या लशी तालुक्याच्या ठिकाणी मिळतीलच असं नाही, तेव्हा मुंबईहून चाकरमानी येणार असेल तर लस बर्फाच्या डब्यात मागवण्यापेक्षा फॉलोअपलाच तिथे टोचून घेणं सुरक्षित. प्रवासात डबा गरम झाला की लस फुकट जाते आणि बाहेरून ते ओळखूही येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पोटाच्या बऱ्याच मोठ्या शस्त्रक्रिया बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी भेटावं आणि ऑपरेशनचं नेमकं नाव सांगावं. ‘प्लीहा काढणं’ आणि ‘शंट’ ही वेगवेगळी पॅकेजं असू शकतात, आणि मंजुरी एकाची घेऊन दुसरं केलं तर बिलाचा घोळ होतो. रुग्णालय राज्याबाहेरचं असेल तर तिथे योजना चालते का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावं.